दाजींचा हात

बचावपटूचं काम असं आहे की ते नीट झालं तर कोणाला दिसत नाही आणि चुकलं की साऱ्या स्टेडियमला दिसतं. गोल मारणारा सबंध सामना झोपा काढतो, शेवटी एकदा पाय लावतो आणि त्याला खांद्यावर घेऊन नाचतात. आम्ही गवतावर ढुंगण आपटत घसरतो, कपाळं फोडून घेतो, आणि एकदा पाय सटकला की प्रेक्षकांतून थेट आमच्या आईची चौकशी होते. याची सवय होते. शिव्यांचं मला काही नाही. माझ्या डोक्यात जातो तो दाजींचा हात.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा. शिवाय संघाचा कर्णधार. शिवाय बचावफळीत मधोमध माझ्या शेजारी उभा राहणारा गडी. घरी हाच माणूस, गाडीत हाच, मैदानात हाच. या क्लबात मला त्यांनी आणलं, हे ते स्वतः विसरत नाहीत आणि मलाही विसरू देत नाहीत.

हाताचं प्रकरण सांगतो. समोरचा संघ बॉल पुढे टाकतो त्या क्षणी त्यांचा गडी आमच्या बचावफळीच्या पलीकडे आधीच जाऊन उभा असेल तर तो ऑफसाइड. म्हणून आम्ही चौघं एका रेषेत उभे राहतो, एकदम पुढे सरकतो आणि त्याला उघडा पाडतो. मग हात वर करायचा, म्हणजे कडेला उभ्या लाइनमनला कळतं. दाजींच्या उमेदीच्या काळात त्यांचा हात असा काही रुबाबात वर जायचा की लाइनमनचा झेंडा शिकवल्यासारखा मागोमाग यायचा. त्या हातावर दाजींनी नाव कमावलं.

पण आता ते दिवस गेले. आता लाइनमन झेंडा खालीच ठेवतो. खेळ पुढे जाऊ देतो, गोल व्हायचा तर होऊ देतो, मग व्हिडिओ बघून निर्णय होतो. तोवर बचावपटूने फक्त पळायचं. हात वर करून उभं राहणं म्हणजे बस निघून गेल्यावर थांब्यावरून हात दाखवणं. हे शेंबड्या पोरालाही कळतं. दाजींना कळत नाही. बॉल डोक्यावरून गेला की यांचा हात वर आणि पाय जागेवर. चौकातला पुतळा! आणि त्या मोकळ्या सुटलेल्या गड्यामागे जीभ बाहेर काढून पळायचं कोणी? मी. त्याचा शर्ट धरायचा कोणी, घसरून त्याला आडवा करायचा कोणी, पिवळं कार्ड बघायचं कोणी? मी, मी आणि मीच.

"दाजी, पळायचं असतं हो," मी म्हणायचो.

"ऑफसाइड होता."

"असेल. पण पळत पळत ऑफसाइड म्हणा ना."

"मेहुण्या, तू मला फुटबॉल शिकवू नकोस. तुला बूट कुठल्या पायात घालायचा हे मी शिकवलंय."

आमचा गोली, ज्याला सगळे बोंबल्या म्हणतात कारण तो सामनाभर बोंबलत असतो, मागून ओरडायचा, "साले-भावजी, घरचं भांडण घरी! बॉल माझ्या घरात शिरलाय!"

सामन्यानंतर व्हिडिओची बैठक. अंधाऱ्या खोलीत पडद्यासमोर खुर्च्या, सगळा संघ हजर, आणि व्हिडिओवाला नावाचा एक प्राणी हातात रिमोट घेऊन उभा. या गड्याने जन्मात बॉलला लाथ मारलेली नाही. तो चित्र थांबवायचा ते बरोबर माझ्यावर. मी शर्ट धरताना. मी घसरताना. मी रेफरीसमोर हात जोडताना. "इथे बघा, परत तीच चूक," असं म्हणून तो माझ्याभोवती लाल गोल काढायचा. थोडं मागे घे की रे बाबा, दोन खुर्च्या सोडून बसलेला माणूस तिथे पुतळा होऊन उभा आहे, तो दाखव! पण मागे कोणी घेत नसे. दाजी गंभीरपणे मान हलवायचे, जणू मेहुण्याचं कसं होणार याचीच त्यांना काळजी.

हे सगळं मी चावून गिळलं असतं. पण हंगाम संपत आला तेव्हा कोचने आम्हा दोघांना खोलीत बोलावून सांगितलं, "पुढच्या वर्षी नवा गडी येतोय. तुम्हा दोघांतला एकच राहील. शेवटचा सामना होऊ दे, मग सांगतो." हे सांगताना तो माझ्याकडे बघत होता. बघणारच. लाल गोल सगळे माझ्याभोवती होते. क्लबातून काढलेला, पिवळ्या कार्डांची माळ घातलेला, तिशी ओलांडलेला बचावपटू कोण ठेवून घेतं? कोणी नाही. आणि मला दुसरं काही म्हणजे काही येत नाही.

मी थेट ताईकडे गेलो. ती स्वयंपाकघरात कपबशा विसळत होती.

"ताई, मी कोचला सगळं सांगणार आहे."

"काय सगळं?"

"तुझा नवरा पळत नाही. त्याच्या वाटचं मी पळतो आणि शिव्याही मीच खातो."

तिने नळ बंद केला. "त्यांना एक वर्ष हवंय. एकच. मानाने बाहेर पडू दे. तू अजून कुठेही खेळशील."

"कुठे खेळेन? कुठे? नाव सांग."

"आवाज खाली कर. तुला इथे कोणी आणलं?"

झालं. हे वाक्य या घराच्या भिंतींत चुन्यासारखं मुरलंय. "माझी शपथ आहे," ती म्हणाली, "एक शब्द बोलायचा नाही." मी पाय आपटत निघालो. शपथा घालणाऱ्यांचं बरं असतं, पाळायच्या दुसऱ्याने.

मग मी ठरवलं की हा हातच मोडायचा. म्हणजे सवय मोडायची. शर्ट ओढायची खोड असलेल्या बचावपटूच्या दोन्ही मुठींत सरावाला टेनिसचे चेंडू देतात, म्हणजे बोटं कशाला धरत नाहीत. मी दाजींना त्यांच्या इमारतीमागच्या गाड्या लावायच्या जागेत नेलं, दोन्ही हातांत चेंडू कोंबले आणि म्हटलं, "मी बॉल मागे मारतो. हात खाली, वळा आणि पळा." बॉल मारला. दाजींनी चेंडूसकट हात वर केला.

"दाजी!"

"चेंडू पडला का? नाही ना? मग?"

पुन्हा मारला. पुन्हा हात. गच्चीवर कपडे वाळत घालणारी एक बाई म्हणाली, "अहो, त्यांना काहीतरी विचारायचंय वाटतं." मी बॉल उचलला आणि घरी गेलो.

शेवटचा सामना. हरलो तर खालच्या श्रेणीत, बरोबरी झाली तरी वाचणार. गोल नाही, काही नाही, शेवटची काही मिनिटं. समोरच्या मधल्या गड्याकडे बॉल आला. त्याने मान वर करून पुढे पाहिलं. मी दाजींकडे पाहिलं, ते रेषेत आहेत ना म्हणून. आणि मला जे दिसलं ते वर्षभर दिसलं नव्हतं, कारण वर्षभर मी त्या क्षणी पळायला लागलेला असायचो. बॉल अजून त्या गड्याच्या पायातच होता, आणि दाजींचा हात वर निघाला होता.

बॉल सुटलेलाच नाही, तर ऑफसाइड कसला? पळायचं नाही हे या माणसाने आधीच ठरवलं होतं. सगळा भार उजव्या पायावर. डावा पाय गुडघा जपत नुसता टेकवलेला, परक्या घरी खुर्चीच्या कडेवर बसतात तसा. दाजी हात वर करतात म्हणून थांबत नव्हते. त्यांना वळताच येत नव्हतं, आणि ते झाकायला हात होता. मी एका सवयीशी भांडत होतो, आणि सवय नव्हतीच.

मग बॉल सुटला, त्यांचा गडी सुटला, आणि मी पळालो. गोलासमोर तो एकटा जाणार म्हणून मागून आडवा केला. रेफरीने लाल कार्ड काढलं. मी मैदानाच्या कडेपर्यंत गेलो असेन, तेवढ्यात व्हिडिओचा निर्णय आला. ऑफसाइड. लाल कार्ड रद्द. मी परत आलो तर दाजी कमरेवर हात ठेवून म्हणतात, "सांगत होतो ना?"

माझ्या तोंडात जे आलं ते छापण्यासारखं नाही.

बरोबरी झाली, क्लब वाचला. दुसऱ्या दिवशी बैठक. व्हिडिओवाल्याने तोच क्षण लावला, माझ्याभोवती लाल गोल काढला. कोच म्हणाला, "इथे याचं डोकं फिरलेलं आहे. उगाच फाउल. आणि हा बघा," त्याच्या हातातली काठी पडद्यावरच्या दाजींवर गेली, "शांत. हात वर. ऑफसाइड आहे हे याने ओळखलंय. याला अनुभव म्हणतात."

दाजींनी मान हलवली. त्या मान हलवण्याने माझं टाळकं सटकलं. शपथबिपथ गेली उडत.

"मागे घे," मी म्हणालो.

"काय?" व्हिडिओवाला म्हणाला.

"मागे घे! बॉल मारायच्या आधी. वर्षभर एकदा तरी मागे घे रे!"

कोचने खूण केली. चित्र मागे गेलं. थांबलं. बॉल समोरच्या गड्याच्या पायात, दाजींचा हात वर.

"बॉल मारलाच नाहीये," मी म्हणालो. "हे ऑफसाइड ओळखत नाहीत. यांना डावीकडे वळता येत नाही. गुडघा गेलाय यांचा. विचारा."

दाजी म्हणाले, "मूर्ख आहे तो. काहीही बोलतोय."

"उठ," कोच म्हणाला. "डावीकडे वळून दाखव."

दाजी उठले. आधी उजवीकडे वळले, झटकन, नटासारखे. "डावीकडे," कोच म्हणाला. मग दाजी डावीकडे वळायला लागले. जड कपाट जरा जरा सरकवत वळवावं तसे, पाय उचलून, परत टेकवून. अर्ध्यात त्यांनी पुढच्या खुर्चीची पाठ धरली. ती बोंबल्याची खुर्ची होती. बोंबल्याने ती घट्ट धरून ठेवली.

दाजी तिथेच उभे राहिले. मग कोचला म्हणाले, "याला ठेवा. याला इतकी वर्षं मी सांभाळून घेतलंय, पुढे दुसरं कोणीतरी घ्या."

बघा! तेव्हासुद्धा! मला हसावं की त्यांच्या पाया पडावं कळेना, म्हणून मी दोन्हींतलं काहीच केलं नाही.

कोचने मला ठेवलं. बैठक संपल्यावर हात मिळवून सांगितलं. मी गाडीत येऊन बसलो, शेजारी दाजी. सिग्नलला गाडी थांबल्यावर ते म्हणाले, "सगळ्यांसमोर बोलायची काय गरज होती? गाडीत सांगायचंस."

"गाडीत वर्षभर सांगतोय!"

"पळा म्हणून सांगत होतास. गुडघ्याचं कुठे बोललास?"

"तुम्ही बोललात?"

ते खिडकीबाहेर बघायला लागले.

ताईने दार उघडलं. दाजींना जिन्यावर मी हात द्यायला गेलो तर त्यांनी तो झिडकारला आणि कठडा धरून आत गेले. ताईने त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"सांगितलंस?"

"हो."

मला वाटलं आता ही दार तोंडावर आपटणार. ती चौकटीला टेकली आणि म्हणाली, "इतके दिवस लागले तुला? रोज संध्याकाळी तो गुडघा शेकून माझे हात भाजलेत. हिवाळ्यातच सांगशील असं वाटलं होतं मला."

"ताई! तूच शपथ घातलीस!"

"मी बायको आहे त्यांची. मी शपथच घालणार. तुला स्वतःची अक्कल नाही?"

मी उंबऱ्यावर उभा. या घरात मी कधी जिंकलोय?

"मला सगळं ऐकू येतंय हं," आतून दाजी ओरडले.

"येऊ दे," ताई म्हणाली. "दुसऱ्या डॉक्टरकडे जायचंय उद्या, तेही ऐका." आणि मला म्हणाली, "बूट काढून आत ये. त्यांना धरून पलंगावर बसव. नको म्हणतील, तरी बसव."