मंडईची सुटी

सुलोचना सिस्टर वॉर्डाचा ड्युटी-चार्ट दर महिन्याला एकट्याच बनवायच्या आणि दर महिन्याला सगळ्यांची बोलणी खायच्या. दिवाळीनंतरचा चार्ट म्हणजे तर नुसता ताप. तेव्हा गोंदियाकडे गावोगावी मंडई म्हणजे जत्रा भरते, पाहुणे येतात, नाटक होतं, आणि आठही नर्सना सुटी हवी असते. मागच्या वर्षी सिस्टरांनी आपल्या मनानेच सुट्ट्या वाटल्या, तर दोघी रडल्या आणि एकीचं बीपी वाढलं.

यंदा त्यांनी कोरा तक्ता भिंतीवर लावला आणि त्याला दोरीने पेन्सिल बांधली. "दर पाळीत दोघी पाहिजेत. बाकी तुमचं तुम्ही पाहा," म्हणाल्या, आणि भांडण कानावर नको म्हणून औषधांच्या खोलीत जाऊन बसल्या.

भांडण झालंच नाही. प्रत्येक गावची मंडई वेगळ्या दिवशी असते. मंजूने गंगाची पाळी घेतली, गंगाने मंजूची. एवढी साधी गोष्ट, पण कोणाची मंडई कधी, हे सिस्टरांनी इतक्या वर्षांत विचारलंच नव्हतं!

संध्याकाळी तक्ता भरला होता. खाली नववी ओळ आखून सिस्टरांचंच नाव लिहिलं होतं, आणि शनिवारी सुटी.

"हे कोणी लिहिलं?"

"मी," मंजू म्हणाली. "तुमच्या गावची मंडई आहे. बारा वर्षं झाली, गेल्या नाही तुम्ही. आता कायले पाहून राहिल्या? फोन करा घरी."

सिस्टरांनी फोन लावला. "दादा, शनिवारी मंडईले येऊन राहिली मी."

तिकडे भाऊ घरात ओरडला, "अवो, ऐकलं का? आपली सुली येऊन राहिली!"