मूठ उघडते
धाकटीचं काम सांगायला सोपं आणि करायला महाकठीण. वेबसाइटवर आपोआप हलणारी, संपली की पुन्हा पहिल्यापासून सुरू होणारी छोटी चित्रं ती बनवायची. रंग कमी केले की फाइल हलकी होते, पण माणसाच्या कातडीवर नकाशासारखे डाग उमटतात. रंग ठेवले तर पान उघडेपर्यंत बघणारा कंटाळून निघून जातो. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, असला हा धंदा.

यावेळी काम फिजिओबाईंचं होतं. अर्धांगाच्या झटक्यानंतर हाताचे व्यायाम कसे करायचे, ते त्यांना त्यांच्या वेबसाइटवर दाखवायचं होतं. "धडधाकट पोरांचे हात नकोत," त्यांनी बजावलं होतं, "खऱ्या रुग्णाचे दे."

खरा रुग्ण घरातच होता. तिचे बाबा, धंद्यानं शिंपी. झटक्यानं त्यांच्या उजव्या हाताची मूठ वळून बसली होती. मिटायची आपोआप, पण उघडायला आईला एकेक बोट सोडवावं लागे. हल्ली बाबांनी व्यायामाचं नावच टाकलं होतं. प्रयत्न सोडला तर हात कायमचा असाच राहील, असं फिजिओबाईंनी निक्षून सांगितलं होतं, पण घरात तो विषय काढायची कुणाची टाप नव्हती. चित्रासाठी हात द्यायला मात्र ते कुरकुरत का होईना, तयार झाले.

आईनं बोटं उघडून दिली आणि ती बाजूला झाली. मूठ हळूहळू मिटली. धाकटीनं कॅमेऱ्यात तेवढाच तुकडा घेतला आणि सवयीनं तोच उलटा चालवून पुढं जोडला. खिडकीचा पडदा असो, फांदी असो, ज्योत असो, ती सगळं असंच फिरवायची. त्यात सांधा राहत नाही. कातडीचा रंगही झकास उतरला. आपण काय केलंय, हे तिच्या डोक्यातही आलं नाही.

संध्याकाळी तिनं कौतुकानं लॅपटॉप बाबांसमोर ठेवला. ते पुढं वाकले.

"शिवण कुठाय?"

"काय?"

"अगं, जोड कुठं दिलास? कापड कुठं संपतं, कुठं सुरू होतं, काही कळेना."

जन्मभर दुसऱ्यांच्या शिवणींना नावं ठेवलेला माणूस हे बोलत होता. धाकटी फुलून गेली. मग बाबांचा चेहरा बदलला.

"हा माझा हात. उघडतोय." त्यांचा आवाज अगदी बारीक झाला. "मी कधी उघडला गं?"

बाबांच्या डोळ्यांत इतकं नवल तिनं कधी पाहिलं नव्हतं, आणि ते आपल्याच हातानं पुसायचं तिच्या जिवावर आलं.

"बाबा, ते उलटं चालवलंय. मिटतानाचंच आहे. हात आईनं उघडून दिला होता."

तिनं लॅपटॉप मिटायला हात पुढं केला.

"राहू दे. बोटं तर माझीच ना? का कुणाची उसनी आणलीस?"

"तुमचीच."

"मग ज्या वाटेनं आत गेली, त्याच वाटेनं बाहेर येतील की."

त्यांनी मूठ मांडीवर ठेवली. पडद्यावरचा हात उघडू लागला की ते श्वास रोखत, कपाळाची शीर ताठ होई. तो मिटला की सैल पडत. पुन्हा उघडला की पुन्हा तेच. धाकटी बघतच राहिली. असली ढीगभर चित्रं तिनं केली होती, पण ती कुणी अशी बघेल हे तिला ठाऊक नव्हतं. व्यायामापायी घरातली सगळी माणसं आधी वैतागली, थकली, ओरडली होती. हे एवढंसं चित्र मात्र न कंटाळता, न रागावता दाखवत होतं, बघा, असं.

आणि मग बाबांच्या अंगठ्याशेजारचं बोट तळव्यावरून सुटलं. जेमतेम दोरा ओवता येईल एवढी फट पडली. बोट थरथरलं, क्षणभर टिकलं आणि खाली आलं.

कॅमेरा शेजारीच होता. तो उचलायचं तिच्या मनातही आलं नाही.

"पाहिलंस?"

"पाहिलं."

"यात उलटं काही नाही ना?"

"नाही बाबा." तिला हसू आणि रडू एकदमच फुटलं. "हे सरळ आहे."

"मग आईला हाक मार," बाबा पडद्यावरची नजर न हलवता म्हणाले. "आणि हे बंद करू नकोस."