चर्चमधली बालवाडी

आमची बालवाडी चर्चमध्ये भरायची. उल्हासनगरच्या टोकाला, लढाईच्या काळात गोऱ्या सोल्जरांसाठी बांधलेलं ते लाल विटांचं, टोकदार कमानींचं चर्च. गोरे गेले आणि तिथं निर्वासितांची बिऱ्हाडं आली. मग ते रेशनच्या गव्हाचं गोदाम झालं, मग काही वर्षं आखाडा. शहाऐंशी साली मी झाडू घेऊन आत शिरले आणि अडतीस पोरं बसवली. फरशीच्या फटींतून तेव्हाही गव्हाचे किडे निघायचे.

वर्षभरात सरकारी कचेरीचं पत्र आलं, सोमवारी इमारतीची पाहणी. म्हणजे पाडणारच! माझ्या जिवाला थारा राहिला नाही. कुणीतरी म्हणालं, देवाचं ठिकाण असलं की सरकार हात लावत नाही. चर्चमध्ये तर आता क्रूसही उरला नव्हता. झालं, मी तशीच विहार सांभाळणाऱ्या भीमरावांकडे गेले.

"विहारातली जुनी बुद्धमूर्ती सोमवारी आमच्या वर्गात ठेवा."

"बघतो," ते म्हणाले.

'बघतो' म्हणणाऱ्यावर माझा भरवसा नाही. धीर धरणं मला जन्मात जमलेलं नाही. म्हणून येताना आखाडेवाल्या कोंडाजींनाही सांगून ठेवलं, मारुतीची तसबीर आणा.

सोमवारी दोघंही आले, आपापली माणसं घेऊन.

"आमची मूर्ती आधी आली," भीमराव म्हणाले.

"आमचा आखाडा त्याच्याही आधी होता!" कोंडाजी गरजले. "आन् आखाड्यात मारुतीच असतो."

आवाज चढले, बाह्या सरसावल्या. मग दोघं एकदम माझ्याकडे वळले. "वेणूबाई, तुम्हीच सांगितलंत ना?"

ओव्हरसियर फाईल घेऊन दारात उभे होते. "बाई, मी छपराच्या रिपेअरचं बघायला आलेलो. मंजूर झालंय." त्यांनी गर्दीकडे पाहिलं आणि फाईल मिटली. "आता हा लफडा मिटेपर्यंत कुलूप."

लफडा त्याच संध्याकाळी चहावर मिटला. मूर्ती विहारात गेली, तसबीर कोंडाजींच्या घरी. कुलूप उघडायला मात्र कुणी आलं नाही. मी सात वर्षं अर्ज करतेय.

वर्ग आता बाहेर, भिंतीच्या सावलीत भरतो. पावसाळ्यात बंदच असतो. तेव्हा अडतीस पोरं यायची, आता चौदाच येतात. परवा त्यांतल्याच भागीरथीनं विचारलं, "बाई, हे कुणी बंद केलं?"

"सायबांनी," मी म्हटलं, आणि पाढे म्हणायला लावले.