नारळ फुटल्यावरची सही

शोरूममध्ये माझं टेबल नव्या गाडीच्या अगदी मागे आहे. गाडीचे कागद मी करते. आरटीओचं शुल्क, विमा, आणि त्याखाली साडेतीन हजार 'फाईल खर्च'. यंदा नियम आला, की हा खर्च सरकारी नाही, दिला नाही तरी चालतो, असं गिऱ्हाइकाला वाचून दाखवायचं आणि मग सही घ्यायची. आमचे मालक विकीशेठ घाबरले. "भाभी, वाचून दाखवलं तर देणार कोण?"

तोड मी काढली. मला कुणी विचारलंही नव्हतं. गाडी न्यायला इथे अख्खं घर येतं. हळदकुंकू, हार, मग नारळ. नारळ फुटला की सगळे हसत असतात, फोटो काढत असतात. नव्या गाडीपुढे कुणाला कटकट नको असते. मी म्हटलं, सही तेव्हा घेऊ, वाचायचं राहूनच जातं. शेठनी माझा पगार वाढवला. त्यातून माझ्या लेकीची, मेधाची, उंच खुर्ची आली, जेवायची.

मेधा चौदा महिन्यांची आहे. तिला सुरंगी गावच्या तानूबाई सांभाळतात. तापात तिला खांद्यावर घेऊन त्याच फिरल्या, मी महिनाअखेरच्या फायली करत होते तेव्हा.

शनिवारी त्या शोरूममध्ये आल्या. नवं लुगडं, सोबत जावई चेतन. नरोलीच्या कारखान्यांत कामगार पोचवायला त्याने व्हॅन घेतली होती.

"चेतन दुसरीकडे जात होता," तानूबाई म्हणाल्या. "मी म्हटलं, आमच्या ताई हितं बसतात."

नारळ फुटला. मी कागद पुढे सरकवला. चेतनने बोट ठेवलं. "हे साडेतीन कशाचे? सरकारी का?"

विकीशेठ काचेला टेकून उभे होते. मी पेनाचं टोपण काढलं, लावलं.

"गप रे," तानूबाई म्हणाल्या. "पोर माझ्याकडे ठेवते ती. खोटं लिहील का?"

चेतनने सही केली. मग तानूबाईंनी मला ओढून फोटोत घेतलं. त्या फोटोत मीच सगळ्यांत जास्त हसते आहे.

सोमवारी सकाळी त्या पेढे घेऊन घरी आल्या. मेधा त्यांच्याकडे झेपावली. मी चप्पल घातली, काढली.

"तानूबाई, ते साडेतीन हजार द्यायची गरज नव्हती. मला माहीत होतं."

त्यांनी पदराने मेधाचं नाक पुसलं. "मग वाचलं का नाही?"

"शेठ उभे होते."

"मी पण होते की."

मी म्हटलं, माझ्या पगारातून देते.

"तुमचे नकोत. ज्यांनी घेतले त्यांच्याकडून आणा. आन् चेतनला तुम्हीच सांगा. मी सगळ्यांसमोर तुमची बाजू घेतली, आता कुठल्या तोंडाने सांगू?"

एवढं बोलून त्यांनी मेधाला खुर्चीत बसवलं, फुंकर घालून खिचडी भरवायला घेतली. रोजच्यासारखीच, एकेक घास. त्या ओरडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

"जावा आता," मागे न बघता त्या म्हणाल्या. "उशीर होईल."

शोरूममध्ये गेल्या गेल्या मी विकीशेठकडे पैसे परत मागितले.

"भाभी, आयडिया तर तुमचीच होती ना?"

"हो. माझीच होती."

त्यांनी पुढची फाईल माझ्याकडे सरकवली. हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. बाहेर अकरा वाजता गाडी न्यायला आलेलं कुटुंब थांबलं होतं, एका बाईने नारळ उचललेला. मी कागद घेऊन गेले.

"काकी, थांबा जरा. आधी हे ऐका."

शेठ पाठीमागे उभे आहेत हे मला कळत होतं. मी शेवटपर्यंत वाचलं. त्या बाईने साडेतीन हजारांची ओळ खोडायला लावली आणि मग नारळ फोडला.

चेतनचा नंबर सकाळीच तळहातावर लिहून घेतला होता. घामाने शेवटचे आकडे पुसट झाले होते, पण वाचता येत होते. मी फोन लावला.