खडूची रेघ

लॅबमध्ये मला सगळे ‘घसरगुंडी’ म्हणतात. हे नाव साहेबांनी ठेवलं. मागच्या वर्षी मी नवे टायर घालून, रक्ताचे नमुने घेऊन झोकात निघाले आणि लॅबसमोरच्याच वळणावर मोटरसायकलसकट आडवी झाले. खांद्याचं हाड जुळलं, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. “आणखी एकदा पडलात, तर कायमचं फायलींच्या खोलीत बसायचं,” असं साहेबांनी बजावलं. त्या खोलीला खिडकीसुद्धा नाही. आठ दिवसांत वेड लागलं असतं मला.

म्हणून यंदा टायर बदलायची वेळ आली तेव्हा कोपऱ्यावरच्या टायरवाल्या काकूंकडे गेले. त्यांनी टायर बसवले, हवा तपासली आणि दोन्ही टायरवर या कडेपासून त्या कडेपर्यंत खडूने रेघा मारल्या.

“नवं रबर गुळगुळीत असतं, बाई. पहिले दीडशे किलोमीटर जपून चालव. कचकन ब्रेक नको, एकदम रेस नको. वळणावर रोज थोडीशीच जास्त झुक. रेघ मधून पुसत जाईल, पुसली तेवढं रबर घासून खरखरीत झालं समज. कडेला बोटभर उरली तरी चालेल, तुला काही शर्यतीत जायचं नाहीये.”

“मागच्या वेळी हे कुणी सांगितलं नाही.”

“मागच्या वेळी तू माझ्याकडे आली नव्हतीस,” म्हणत त्यांनी उरलेला खडू माझ्या हातावर ठेवला.

दहा दिवस सायकलवालेही मला मागे टाकून गेले. साहेब खिडकीतून विचारायचे, “काय घसरगुंडीबाई, गाडी ढकलत आणली का?” मी मात्र संध्याकाळी वाकून रेघ बघायची. आधी मधला पट्टा गेला, मग हळूहळू बाजू. दहाव्या दिवशी कडेला बोटभर खडू उरला होता.

अकराव्या दिवशी नमुने घेऊन त्याच वळणावर आले. साहेब खिडकीत उभेच होते. मी झुकले. टायरने रस्ता घट्ट धरला आणि गाडी अलगद वळली. इतका आनंद झाला की हेल्मेटच्या आत मी एकटीच हसत होते.

साहेब खाली आले. माझ्या टायरच्या कडेला उरलेला खडू त्यांनी निरखून पाहिला.

“फायलींच्या खोलीचं राहू द्या,” ते म्हणाले. मग आवाज खाली आणून, “कालच स्कूटरला नवे टायर घातलेत मी. येताना जरा सटकलीच.”

मी पर्समधून खडू काढून त्यांच्या हातात दिला.

“वाका, साहेब. या कडेपासून त्या कडेपर्यंत.”