टिकलीचा फ्रॉक

टेलरमास्तरांची ख्याती अशी, की गिऱ्हाईक सांगेल तसं शिवायचं आणि वर ब्र काढायचा नाही. कुणाला गोणीसारखी ढगळ विजार हवी, घ्या ढगळ. कुणी सुटलेल्या पोटावर तंग कोट मागितला, तर मास्तर स्वतःचा श्वास रोखून त्याची बटणं लावून देत. गिऱ्हाइकाच्या हौसेत आपली अक्कल घुसडू नये, असं ते मोठ्या ऐटीत सांगायचे; मनातून मात्र सगळं आपल्यावर सोपवणारं एखादं गिऱ्हाईक कधी येतंय, याची वाट बघायचे.

मग बालवर्गाच्या बाईंचा निरोप आला. शनिवारी प्रत्येक मुलानं स्वतः ठरवलेला कपडा घालून यायचं आणि तो तसा का, ते सगळ्यांसमोर सांगायचं. मास्तरांची लेक, जिला सगळे टिकली म्हणत, लगेच शिलाईच्या टेबलावर चढून बसली.

"बाबा, उजवी बाही छोटी. रंगवताना भिजते ना! डावी लांबच लांब, त्या हाताला थंडी वाजते. आणि पोटावर मोठ्ठा खिसा, दगडांसाठी."

"हो, हो," मास्तर म्हणाले.

पण कापड बेतायला घेतलं आणि हात अडला. शनिवारी अख्खी गल्ली शाळेत जमणार. खुद्द टेलरच्या पोरीला एक बाही लहान, एक मोठी? दिव्याखाली अंधार म्हणतील लोक! मास्तरांनी दोन्ही बाह्या सारख्या कापल्या, खिसा गाळला आणि गळ्याला झकास लेस लावली.

शनिवारी सकाळी टिकलीनं पोटावर तळवा फिरवून बघितला.

"खिसा?"

"खिशानं फ्रॉकचा पार विचका झाला असता गं. बघ, किती गोड दिसतेस!"

ती रडली नाही. पटलं वाटतं पोरीला, असं मास्तर धरून चालले.

शाळेत एका पठ्ठ्यानं शर्ट मागचा पुढे घातला होता. बटणं पाठीवर असली की धाकटा भाऊ तोडत नाही म्हणे. एकीची टोपी नाकापर्यंत आली होती, कारण आत अंधार असतो आणि मजा येते. आईबाप पोट धरून हसत होते, टाळ्या वाजवत होते. शिलाईकडे कुणी ढुंकूनही बघत नव्हतं.

"आणि टिकली, तू काय ठरवलंस?" बाईंनी विचारलं.

टिकलीनं वडिलांकडे बघितलं. मास्तरांनी मान खाली घातली. बोल बाई, माझी तीच लायकी आहे, असं ते मनात म्हणाले.

"मीच सांगितलं बाबाला," टिकली म्हणाली, "दोन्ही बाह्या सारख्या कर म्हणून."

"का बरं?"

ती अडखळली. "छान दिसतात."

टाळ्या पडल्या. शेजारच्या बाईंनी कौतुकानं विचारलं, "मास्तर, आमच्या छकुलीला अस्साच शिवाल?" मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. एवढीशी पोर, बापाची अब्रू राखायला चारचौघांत खोटं बोलली होती. आणि लोकांपुढे छान दिसायला खरं लपवायचं, हे तिला त्यांनीच शिकवलं होतं.

घरी येताच त्यांनी नवं कापड पसरलं. "सांगा बाईसाहेब, कसा शिवू? बाह्या लहानमोठ्या, खिसे हवे तेवढे!"

टिकलीनं कापडाकडे बघितलं, मग त्यांच्याकडे.

"तुला आवडेल तसा शिव, बाबा."

असं म्हणणारं गिऱ्हाईक भेटावं म्हणून मास्तर जन्मभर झुरले होते. आज ते समोर उभं होतं, आणि त्यांच्यानं कात्री उचलवेना.