तानाबाईची घडण

हुपरीच्या धनपालांच्या घरात पैंजणांच्या कड्या जोडणं चालू होतं, रोजच्यासारखंच. फक्त आज आदितीच्या कड्या चुकत होत्या. आदिती हे नाव तिनं स्वतःच घेतलेलं; घरच्यांनी मुलगा म्हणून तिचं नाव सम्मेद ठेवलं होतं, आणि त्या सम्मेदच्या लग्नाची सुपारी फोडायला दुपारी कोल्हापूरचे पाहुणे येणार होते.

महिन्यापूर्वी तिनं वडिलांना सांगितलं होतं, "आप्पा, मी पोरगी हाय. कुणा पोरीच्या गळ्यात मला बांधू नका."

धनपालांनी दार लावून घेतलं. "लगीन झालं की सगळं ताळ्यावर येतंय. तोंड उघडलंस तर जीव देतो बघ."

आईनं, अक्काताईंनी, एकदा दबक्या आवाजात सांगितलेली तानाबाई तिला सारखी आठवत होती. तानाबाई ह्याच गल्लीतली, जन्मानं तानाजी. पैंजण घडवण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. गावानं एका पोरीशी तिचं बळंच लग्न लावलं. वर्षाच्या आत नवरीनं विहीर जवळ केली, आणि लग्न लावणाऱ्यांनीच तानाबाईला दगड मारून वेशीबाहेर काढलं. तिच्या घडणीचे पैंजण मात्र आजही हौसेनं घेतले जातात. त्याची कुणाला लाज वाटत नाही!

पाहुणे बसले. धनपालांनी डबी उघडली. "ह्यो जोड सुनंसाठी. तानाबाईची घडण!"

"कोण ओ ही तानाबाई?" मुलीच्या वडिलांनी विचारलं.

"हुती की एक बाई आमच्या गल्लीत. लई गुणाची."

गप्प बसावं, असंच आदितीला वाटत होतं. पण नवरी मुलगी, अनुजा, डबीकडे बघून जराशी हसली, आणि आदितीला वडिलांपेक्षा त्या विहिरीची भीती जास्त वाटली.

ती उठली. "आप्पा, आज तिला बाई म्हणताय. हितं हुती तवा गावानं दगडं का मारली? पावणं, मीबी तिच्यासारखीच हाय. मी बाई हाय. ह्ये लगीन न्हाय हुणार."

धनपालांचा हात वर गेला. अक्काताईंनी चहाचा ट्रे खाली ठेवला आणि मध्ये उभ्या राहिल्या.

"हात खाली घ्या. गावानं तानाबाईचं नि तिच्या नवरीचं वाटोळं केलं तवा कुणी मधी पडलं न्हाय. माझ्या लेकीच्या येळंला मी हाय."

अनुजानं डबी मिटली. "ताई, बरं झालं, बोललासा."

आवाज ऐकून गल्ली दारात गोळा झाली होती. आदितीनं भीत भीत तिकडं पाहिलं. आता दगड उचलायचा की नाही, ते त्यांनी ठरवायचं होतं.